मदत हवी आहे: मच्छीमारांबरोबर मासे पकडायची डॉल्फिनची विद्या पिल्लांपर्यंत पोचते कशी?

नमस्कार मंडळी, ब्राझीलच्या लागुना या किनाऱ्यावरच्या गावाबद्दल वाचताना एका ठिकाणी अडकलोय.

तिथे मच्छीमार गढूळ पाण्यात पाग घेऊन रांगेने उभे राहतात. डॉल्फिन बोय माशांचा थवा त्यांच्याकडे हाकत आणतात आणि अचानक पाठीची कमान करून बुडी मारतात. तोच इशारा! लगेच पाग फेकला की जाळं भरतं, आणि बिथरून विखुरलेले मासे डॉल्फिनच्याही तोंडी लागतात. हे शंभराहून जास्त वर्षं चालू आहे, आणि डॉल्फिन पाळीव नाहीत.

पण तिथले सगळेच डॉल्फिन यात नसतात. पिल्लं आईबरोबर राहून शिकतात म्हणे. मग आईच या मासेमारीपासून लांब राहणारी असेल, तर पिल्लू मोठेपणी दुसऱ्यांचं बघून शिकू शकतं का? मुख्य प्रश्न हाच.

दुसरा जरा आगाऊ. ऑस्ट्रेलियात एडन गावी ओर्का (किलर व्हेल) हे देवमाशांच्या शिकाऱ्यांना मदत करायचे, मोबदल्यात मारलेल्या देवमाशाची जीभ आणि ओठ ओर्कांना मिळायचे. त्यांच्यातला प्रसिद्ध ‘ओल्ड टॉम’ १९३० साली मेला, सांगाडा तिथल्या संग्रहालयात आहे. ही आणि लागुनाची भागीदारी एकाच प्रकारची मानायची का? कुणी सागरी जीवशास्त्र शिकलंय का इथे? सोप्या मराठीत सांगा, प्लीज.