वन बीएचकेमध्ये दोघांची कामाची जागा: टेबल घडीचं की कायमचं?

दोघांचं_टेबल यांचा प्रश्न

डोंबिवलीत वन बीएचके, कार्पेट ४१० चौरस फूट, इमारत सात वर्षं जुनी, घर स्वतःचं. दोघांचंही काम घरूनच. एकाचं काम लॅपटॉपवर, दिवसाला तीनेक तास व्हिडिओ कॉल. दुसऱ्याचं काम जीएसटी आणि इन्कम टॅक्स रिटर्न भरून देण्याचं, म्हणजे कागद भरपूर, प्रिंटर लागतोच. सध्या डायनिंग टेबल आणि पलंग यांवर भागवतोय.

जागा दोनच आहेत. बेडरूममध्ये पलंगाची कड आणि समोरची भिंत यांत ४४ इंच. ती भिंत सलग ४८ इंच रुंद, बसलं की खिडकी डाव्या हाताला येते. दुसरी जागा हॉलमध्ये, पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला ५ फूट. तिथून जायचा-यायचा रस्ता असल्यामुळे कायमचं टेबल अडचण करेल. सुतार म्हणतो की दोन्हीकडे ब्रॅकेटवर घडीची टेबलं करू, उंची ३० इंच. उंची आमची ५ फूट २ आणि ५ फूट ८. काय करावं?

---

रंधा_करवत

सुताराला थांबवा. आधी भिंत कशाची आहे ते बघा, कारण ब्रॅकेटवर टेबल उभं राहणार की नाही हे प्लायवर नाही, भिंतीवर ठरतं. ६ मिमीच्या बिटने कोपऱ्यात एक भोक पाडा आणि खाली कागद धरा. प्लॅस्टरची राखाडी भुकटी अर्धा-पाऊण इंच येईल, ती सोडून द्या. त्यानंतर लाल भुकटी आली तर वीट, राखाडीच येत राहिली आणि ड्रिल पुढे सरकेना तर काँक्रीट, आणि पांढुरकी, पिठासारखी आली व बिट सहज आत गेला तर सिपोरेक्स ब्लॉक, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांचा हलका ब्लॉक.

वीट आणि काँक्रीटमध्ये ब्रॅकेट चालतो. सिपोरेक्समध्ये साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लॅस्टिकची नळी) आणि स्क्रू यांवर २० इंच खोल टेबल लटकवू नका. हिशेब करून बघा. उठताना माणूस टेबलाच्या पुढच्या कडेवर हात टेकतो, तो भार ३० किलो धरू. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये ८ इंच अंतर असेल, तर वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर ओढणारा जोर ३० गुणिले २० भागिले ८, म्हणजे ७५ किलो. दोन ब्रॅकेटमध्ये वाटला तरी प्रत्येकी ३७ किलोच्या वर, आणि तोही दिवसातून दहा-बारा वेळा हिसक्याने. ब्लॉक लगेच फुटत नाही, गिट्टीभोवती भुगा होत जातो. पहिल्यांदा दिसतं ते हे की टेबल पुढे मिलिमीटरभर झुकतं आणि पेन्सिल गडगडत तुमच्याकडे येते. तेवढं झालं की स्क्रू आवळून उपयोग नाही, भोक मोठं झालेलं असतं.

उंचीचं दुसरं. ३० इंच ही सवयीने दिलेली उंची आहे. आपण घरात अनवाणी बसतो, तेव्हा बुटांचा इंचही मिळत नाही. खुर्चीत पाय पूर्ण टेकवून बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा. तुमच्या उंचीला साधारण २५ आणि २६½ ते २७ येईल. दोन्ही टेबलं २७ इंच करा. कमी उंचीच्या माणसाने खुर्ची २ इंच वर घ्यायची आणि पायाखाली २ इंचांचा पाट ठेवायचा. उंच टेबलाला हा उपाय नीट लागू होत नाही, कारण ५ इंच उंच पाट घेऊन खुर्ची मागेपुढे सरकवता येत नाही.

---

दोघांचं_टेबल

भोक पाडलं. दोन्हीकडे पांढरी भुकटी. हॉलच्या भिंतीला पावसाळ्यात खालून फूटभर ओलही येते.

---

रंधा_करवत

मग भार जमिनीवर उतरवा, भिंतीने फक्त मागची कड धरायची.

बेडरूममध्ये कायमचं टेबल, ४२ बाय २० इंच. मागे भिंतीला ४ इंच रुंद प्लायची पट्टी, लांबी ४२, तिला पाच स्क्रू. पुढे दोन पाय. ४४ मधून २० गेले की २४ उरतात; काम संपल्यावर खुर्ची टेबलाखाली गेली तरच तिथून माणूस जाईल. म्हणून खुर्ची घेण्याआधी तिच्या हातांची सर्वांत खालची उंची मोजा. १८ मिमी प्लाय आणि दोन्ही बाजूंची सनमायका धरून टेबलाची खालची बाजू सुमारे २६¼ इंचांवर येईल. हात त्याहून खाली जात नसतील तर ती खुर्ची बाहेरच राहणार. कीबोर्डचा सरकता ट्रे याच कारणाने नको.

हॉलमध्ये घडीचं, पण सगळी फळी घडीची नको. भिंतीलगत ४ इंचांची पट्टी कायमची, तिला पुढे १६ इंचांची फळी पियानो बिजागरीने (फळीच्या लांबीभर जाणारी सलग बिजागरी), बिजागरी खालच्या बाजूने. फळी खाली सोडली की जमिनीपासून ११ इंच वर थांबते आणि भिंतीपासून ४ इंच पुढे लटकते, त्या पोकळीत घडीचा पाय मावतो. वरच्या ४ इंचांवर दिवा, चार्जरची वायर, पेनांचा डबा तसेच राहतात. घडीची टेबलं सहा महिन्यांत कायमची उघडी राहतात ती आळसाने नाही. रोज संध्याकाळी वरच्या आठ वस्तू कुठे ठेवायच्या याला उत्तर नसतं म्हणून.

सिपोरेक्समध्ये भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, ठोक्याने ब्लॉक आतून पोखरतो. १० मिमी जाड, १०० मिमी लांब नायलॉनचे फ्रेम अँकर (पट्टीतून थेट भिंतीत जाणारी लांब गिट्टी, स्क्रूसकट) घ्या. बिटला ९० मिमीवर टेप गुंडाळा, म्हणजे ४ इंची भिंत आरपार होणार नाही. पट्टीची १८ मिमी आणि प्लॅस्टर वजा जाता ६५-७० मिमी ब्लॉकमध्ये बसते, तेवढं पुरतं. पाणसळ लावून पट्टी आधी एका स्क्रूवर धरा, मग बाकीची भोकं.

हॉलसाठी आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे मरीन, प्लाय घ्या. पट्टीमागे अर्ध्या इंचाचे तुकडे देऊन हवा खेळू द्या आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पाणी तिथूनच चढतं. टेबलाच्या फळीला खालूनही पातळ सनमायका मारा. फक्त वरून मारली तर एका बाजूने दमट हवा शोषून फळी पन्हाळीसारखी वाकते, सुतार खर्च वाचवायला नेमकं हेच टाळतात. ओलीसाठी मात्र बाहेरून दुरुस्ती हवी. आतून वॉटरप्रूफ रंग मारला तर ओल फूटभर वर सरकेल, एवढंच.

प्लायची एक ८ बाय ४ फुटांची शीट बेडरूमला पुरेल आणि उरेल: ४२ बाय २० च्या दोन फळ्या एका ओळीत, त्याशेजारच्या २८ इंचांच्या पट्ट्यातून टेबलावरच्या शेल्फसाठी ४२ बाय १२ च्या चार फळ्या आणि ४ इंचांची लांब पट्टी, जी मागच्या आधाराला जाते. टोकाला १२ बाय ४८ उरतं, त्यातून शेल्फचे १५ इंची तीन उभे आधार. दुसरी २० इंची फळी उभी चिरली की हॉलचं ४ आणि १६ तयार. करवतीची जाडी धरून प्रत्येक माप दोन-तीन मिमी कमीच भरेल. चिरण्याआधी सगळं खडूने शीटवर आखून घ्या.

---

कागदपत्री

वरच्या फळ्या १२ इंचच ठेवा, ८ इंचांचं 'नाजूक' शेल्फ मुळीच नको. बॉक्स फाइल साधारण १४ इंच उंच आणि ११ इंच खोल असते, ती ८ इंचांवरून पुढे लोंबते. एका फाइलमध्ये पाचशे कागद मावतात. ८० जीएसएमचा ए-फोर कागद ५ ग्रॅमचा, म्हणजे अडीच किलो कागद आणि वर पुठ्ठा, तीन किलो धरा. ४२ इंचांत १३ फाइली, जवळजवळ ४० किलो. १८ मिमीची फळी मधल्या आधाराशिवाय वर्षभरात पोट काढते, तेव्हा २१ इंचांवर उभा आधार हवाच. आणि हे वजन सिपोरेक्सवर लटकवण्याऐवजी शेल्फचे दोन्ही कडेचे उभे तुकडे टेबलावर टेकवा, भाराचा काही भाग टेबलाचे पाय घेतील. रंधा_करवत यांच्या कापणीत हे कडेचे तुकडे नाहीत, ते वेगळे धरा.

जागेच्या वाटणीबद्दल. कागदवाल्या माणसाला बेडरूमचं कायमचं टेबल द्या. अर्धवट मांडलेली बिलं रोज गोळा करून उद्या परत मांडायची म्हटलं तर अर्धा तास जातो आणि एखादं बिल दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जातं.

तीन ट्रे पुरेत: आलेले, चालू, परत द्यायचे. चौथा 'इतर' ठेवलात तर सगळं त्यातच जाईल. मूळ कागद क्लायंटचे, स्कॅन करून, पोच घेऊन परत करा. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची जबाबदारी नोंदणीकृत व्यापाऱ्याची आहे. म्हणजे २०२३-२४ चे, ज्याची देय तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, ते ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. हे परत करतानाच्या पोचेवर लिहून द्या, त्यांनाही कळतं आणि तुमचं शेल्फही मोकळं राहतं. अपील किंवा चौकशी चालू असेल तर मुदत वाढते, ती फाइल वेगळ्या रंगाची.

पावसाळ्यात स्टेपलच्या पिना गंजतात आणि कागदावर तांबडा डाग पाडतात. रबर बँड त्याहून वाईट, चिकट होऊन कागदाला धरून बसतो आणि सोडवताना अक्षरासकट सुटतो. दोरीचे टॅग किंवा प्लॅस्टिकच्या क्लिपा वापरा. पेट्रोल पंपाची, हॉटेलची बिलं थर्मल कागदावर असतात, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली तर काही महिन्यांत कोरी होतात. आली त्या दिवशी स्कॅन करा, मूळ साध्या कागदी पाकिटात. फाइली भिंतीला चिकटवून लावू नका, मागे इंचभर सोडा, नाहीतर कसर आणि बुरशी दोन्ही येतात.

---

फेज_न्यूट्रल

वाटणीबद्दल थोडा वेगळा विचार. तीन तास कॉल हॉलमध्ये झाले तर कुकरची शिट्टी, बेल, सगळं पलीकडे जाणार. कॉलला बंद होणारं दार लागतं. म्हणून टेबल कागदवाल्याचंच, पण कॉलच्या वेळी त्याने फक्त लॅपटॉप घेऊन हॉलच्या टेबलावर जायचं. त्यासाठी दोन्ही टेबलांवर चार्जर कायमचा लावलेला हवा. रोज चार्जर काढून नेणं चार दिवस चालतं.

वीज. लॅपटॉप ६५ वॉट, २४ इंची मॉनिटर २५, राउटर १०-१२, पंखा ७५. पावणेदोनशे वॉट, ६ अँपियरच्या सॉकेटवर काहीच नाही. गडबड करतो तो लेसर प्रिंटर, गरम होताना क्षणभर ८०० ते १००० वॉट घेतो. त्याला भिंतीतलं स्वतंत्र सॉकेट द्या, यूपीएसवर कधीच नको. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपासच देतो, प्रिंटरने पान ओढलं की तो बंद पडतो आणि सोबत राउटरही. इंक टँक प्रिंटर १०-२० वॉटवर चालतो, पण आठवड्याला एक रंगीत पान काढत राहा, नाहीतर हेड वाळतं.

वीज गेली की लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालतोच, जातं ते इंटरनेट. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. घेण्याआधी अॅडाप्टरवरचे आकडे वाचा: १२ व्होल्टचा राउटर असेल तर १२च, आणि अँपियर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे हमखास विसरलं जातं.

लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून मनगट फिरवल्यावर मुंग्यांसारखी झिणझिण येते का? येत असेल तर सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घातला असेल तर आधी तो फेका.

बेडरूमच्या टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्ड स्क्रूने लावा, सॉकेटची तोंडं बाजूला, वर नाही, चहा सांडला तर थेट आत जाऊ नये. मागच्या कोपऱ्यात ६० मिमीचं भोक. ५० मध्ये तीन पिनांचा प्लग अडतो. हॉलमध्ये बोर्ड लटकणाऱ्या फळीमागे येऊ देऊ नका. जमिनीपासून फूटभर उंचीवर सॉकेट असेल तर ११ इंचांवर थांबणारी फळी त्याला झाकते, तेव्हा टेबल सहा-आठ इंच बाजूला सरकवा.

मॉनिटर आर्म घ्यायचा तर टेबलाला चिमटा लावणारा घ्या, भिंतीवरचा नको. त्या चिमट्याला मागे २-३ इंच मोकळे लागतात, म्हणून मागच्या पट्टीत तेवढी खाच सुताराला आत्ताच सांगा. दिवा उजवीकडे, ९ वॉट, ४००० केल्व्हिन (ना पिवळा, ना निळसर प्रकाश). खिडकी डावीकडे आहेच, कॉलवर चेहरा दोन्ही बाजूंनी उजळतो.

वाय-फाय बेडरूममध्ये तुटत असेल तर स्पीड वाढवून पैसे घालवू नका. एका व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात. मध्ये लोखंडी कपाट किंवा आरशाचं दार येतंय का ते बघा. खात्रीचा उपाय म्हणजे स्कर्टिंगवरून (भिंतीच्या तळाची पट्टी) राउटरपासून कॅट-६ नेटवर्क केबल, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार दारापाशी दोन-चारदा वाकली की तुटते.

---

दोघांचं_टेबल

सुताराला २७ इंच आणि फ्रेम अँकर सांगितलं, शीट उद्या येतेय. शेवटचा प्रश्न: पाय दुकानातून २६ इंचांचे तयार घ्यावेत का?

---

रंधा_करवत

घ्या, पण खाली फिरवून इंचभर कमीजास्त होणारी बूच असलेलेच. लाद्या कधीच सपाट नसतात. आधी मागची पट्टी पाणसळीत बसवा, फळी तिच्यावर टेकवा, पुढची कड हाताने धरून पाणसळीत आणा आणि मग प्रत्येक पायाच्या जागी जमिनीपासून वेगळं माप घ्या. दोन्ही पायांत दोन-चार मिमीचा फरक निघेलच. हॉलच्या घडीच्या पायाला बूच रबरी हवं, कारण फळी उघडताना तो लादीवर घासतो.