लाल टॉर्च म्हणजे फॅशन? मग हे वाचाच

माळावरचा
परवा इथं एकानं लिहिलं, "आकाश बघायला लाल टॉर्च पाहिजेच ही नुसती फॅशन आहे, मोबाईलचा टॉर्च बोटांआड धरला तरी भागतं, नवशिक्यांना खर्चात पाडू नका." गप्पच बसणार होतो. पण शनिवारी अमावास्या, सोलापूरच्या उत्तरेला नान्नजच्या अलीकडं माळावर सगळे जमणार आणि ह्या पोस्टीच्या जीवावर चार पोरं पांढरे झोत घेऊन येणार हे मला आत्ताच दिसलालंय.

अहो, अंधारात फिकट गोष्टी बघतात त्या डोळ्यातल्या दंडपेशी. त्यांच्यातलं रोडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य उजेडानं मोडतं आणि पुरतं भरायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त जातो. कुणीतरी मधेच बॅगेत चार्जर शोधायला लाईट लावतो आणि सगळ्यांचा अर्धा तास पाण्यात. दंडपेशींना सगळ्यात जास्त दिसतो तो ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळसर हिरवा, ६३० च्या लालला त्या जवळपास आंधळ्या असतात. म्हणून लाल. आता सांगा, ह्यात फॅशन कुठली?

जुळे_सोलापूरकर
ती पोस्ट माझी आहे, नाव घेऊन बोललात तरी चाललं असतं. विज्ञान पाठ आहे तुमचं, पण प्रश्न रंगाचा नाहीच, उजेड किती ह्याचा आहे. मागच्या अमावास्येला तुमच्याच ग्रुपातला एक जण सायकलचा मागचा दिवा घेऊन आलेला, तोही ब्लिंकिंगवर! लालच होता की. त्याच्यापेक्षा नकाशावर जेमतेम अक्षर दिसेल एवढा मंद पांढरा उजेड शंभर वेळा परवडला. आणि नकाशावरच्या लाल रेघा लाल उजेडात गायब होतात, ते कोण सांगणार नवशिक्यांना?

फोटोवाला_भैय्या
आर्मीवाले हिरवा लाईट वापरतात, लाल नाही. ते काय येडे आहेत का बे?

माळावरचा
भावा, त्यांच्या नाईट व्हिजन गॉगलला लाल उजेड लई लागतो, सगळं भगभगतं, म्हणून कॉकपिटात निळसर हिरवं ठेवतात. तू गॉगल लावून एम ५१ दीर्घिका बघणार आहेस का? उघड्या डोळ्याचा हिशेब वेगळा.

निवृत्त_मास्तर
लाल लाल करताना कुठला लाल ते कुणी बोलेना. बाजारात मिळतो तो ६२०-६३० चा. ६६० चा गडद लाल घेतला तर दंडपेशींना तो ६३० च्या दहावा हिस्साच जाणवतो. नवी पेठेत विचारलं तर दुकानदार तोंडाकडं बघत बसतो, सुटा एलईडी आणून सोल्डर करावा लागतो. आमच्या काळी असलं काही नव्हतं, लोडशेडिंग होतं, गच्चीवरून आकाशगंगा दिसायची. आता त्या हायमास्टनी वाट लावली. पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, शेड नाही, काही नाही, अर्धा उजेड वर. टॉर्चवर कसले भांडलालात, आधी चौकातला खांब बघा.

जुळे_सोलापूरकर
मास्तर, ६६० ला आपल्या शंकूपेशींनाही, म्हणजे अक्षर वाचणाऱ्या पेशींनाही, कमीच दिसतं ना? मग अक्षर वाचायला उजेड वाढवणार. तो हिशेब धरून फायदा उरतो दोन-अडीच पट, दहा नाही.

निवृत्त_मास्तर
उरतो ना? मग झालं.

मंद्रूपची_पोर
तुम्ही सगळे गाडीतून उतरून खुर्चीत बसणारे आहात, म्हणून हे लाड सुचतात. आम्ही शेतातनं चालत जातो. लाल मंद उजेडात घोणस दिसत नाही, सुकलेला पाला आणि ती एकसारखीच दिसतात. माझ्या चुलत्यांना बांधावर घोणस चावली तेव्हा हातात टॉर्च होता, पण "मच्छर येतात" म्हणून बंद ठेवलेला. पुढं किडनीपर्यंत गेलं ते प्रकरण. मी तर झगझगीत पांढरा लावूनच जाणार, तुमचं रोडॉप्सिन गेलं खड्ड्यात.

फोटोवाला_भैय्या
पाय आपटत चालायचं, साप आपोआप सरकतो.

मंद्रूपची_पोर
धामण सरकते. घोणस जागची हलत नाही, तिथंच वेटोळं घालून फुसफुसते, कुकरच्या शिट्टीगत. ऐकलंय का कधी? नसेल तर शहाणपण शिकवू नका.

फोटोवाला_भैय्या
ताई, चिडू नका ओ. माहिती म्हणून सांगलालो.

अक्कलकोट_रोड
विंचवासाठी नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च ठेवा. अंधारात विंचू हिरवट चमकतो, लांबनं दिसतो. सतरंजी टाकायच्या आधी दगडांभोवती फिरवून घ्यायचा. खोटं वाटत असेल तर या एकदा माळावर, इंगळ्या दाखवतो.

माळावरचा
यूव्हीच्या टॉर्चमधनं जांभळा उजेडही येतो, दंडपेशींना तो लालपेक्षा कितीतरी जास्त टोचतो. जागा तपासायची ती आल्या आल्या, डोळे अंधाराला सरावायच्या आधी.

जुळे_सोलापूरकर
बघा, आता लाल, पांढरा, जांभळा असे तीन टॉर्च झाले. मी खर्चाचं म्हणत होतो तेव्हा मी वेडा.

मंद्रूपची_पोर
घोणशीचं कुणी बोलणारच नाही का? दरवेळी असंच, चार वाक्यात परत नॅनोमीटर.

माळावरचा
बोलतो ताई. चालताना पांढराच लावा, पायाजवळ, जमिनीकडं. त्यावर माझी कधीच हरकत नव्हती. जागेवर पोचल्यावर बंद करा आणि अर्धा तास परत लावू नका, येवढंच मागणं आहे. आणि गमबूट घाला.

मंद्रूपची_पोर
अर्ध्या तासात मला लघवीला जायचं असलं तर?

माळावरचा
तर ओरडून सांगा, आम्ही डोळे मिटतो.

जुळे_सोलापूरकर
हे पटलं बुवा. म्हणजे शेवटी पांढरा चालतो, फक्त तुमची परवानगी काढून.

माळावरचा
उपहास कळला. तुमचंही एक मान्य करतो, नाइलाजानं. जास्त पॉवरचा लाल हा मंद पांढऱ्याहून वाईट, तो सायकलवाला माझ्याही डोळ्यात गेलेला. पैसे घालवायचे नसतील तर साध्या टॉर्चला गॅदरिंगला वापरतात तो लाल जिलेटीन कागद तीन-चार पदर लावा. मग जुन्या सीडीच्या मागं त्याचं प्रतिबिंब बघा, निळा पट्टा दिसला तर अजून पदर पाहिजेत. आणि मोबाईलचं लाल ॲप लावून सुटलो म्हणू नका. एलसीडी स्क्रीन असली तर काळा भागसुद्धा मागनं उजळलेला असतो.

अक्कलकोट_रोड
एक विचारू का, नान्नजच का? तिकडनं दक्षिणेला सगळा सोलापूरचाच उजेड येतो. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडं जेमतेम २५ अंश वर येतो, तो त्या लालीतच बुडणार. मंद्रूपच्या पुढं भीमेकडं चला की, शहर पाठीमागं राहतंय.

मंद्रूपची_पोर
या की. बांधावरनं अर्धा किलोमीटर चालायचंय, सांगून ठेवते.

निवृत्त_मास्तर
हायमास्टचं कुणीच काही बोललं नाही.

फोटोवाला_भैय्या
मास्तर, त्याचा वेगळा धागा काढा. ताई, तुमच्याकडं नऊ नंबरचे गमबूट आहेत का?