मदत हवी आहे: कॅरिबियनमधल्या रिसॉर्ट हॉटेलांच्या शेअरमध्ये पैसे घालावेत का?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ मायामीहून सुटणाऱ्या एका क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कामाला आहे. जमैका, बहामा, मेक्सिकोचा किनारा ही त्याची नेहमीची फेरी. गेल्या सुट्टीत घरी आला तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच आहे, "ताई, तिथली रिसॉर्टं कायम भरलेली असतात, आपण त्यांचेच शेअर घेऊ." माझी एक मुदत ठेव पिकली आहे, साधारण आठ लाखांची. त्यातला काही भाग बाहेर गुंतवायला माझी ना नाही, पण हे पैसे कष्टाचे आहेत आणि भावाचा माझ्यावर विश्वास आहे. मी अकाउंट्समध्ये काम करते, ताळेबंद वाचता येतो. म्हणून आधी स्वतः वाचून काढलं. जे कळलं ते मांडते, जिथे अडले तिथे जाणकारांनी सांगावं.

पहिली अडचण म्हणजे घ्यायचं तरी काय? भावाच्या तोंडी सारखं नाव असतं सँडल्सचं. १९८१ मध्ये जमैकातल्या माँटेगो बेमध्ये सुरू झालेली ही साखळी स्ट्युअर्ट कुटुंबाची खासगी कंपनी आहे, तिचा शेअर बाजारात नाहीच. निव्वळ या भागातल्या रिसॉर्टांवर चालणारी आणि अमेरिकी बाजारात सहज मिळणारी कंपनी होती प्लाया हॉटेल्स. मेक्सिको, जमैका आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हॉटेलं, बहुतेक ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे राहणं-खाणं सगळं एकाच दरात. ती हयात या अमेरिकी हॉटेल कंपनीने जून २०२५ मध्ये विकत घेतली. म्हणजे तोही शेअर आता नाही. तरी तिचा इतिहास मी नीट पाहिला, कारण भावाच्या म्हणण्याची खरी परीक्षा तिथेच होते.

मार्च २०१७ मध्ये प्लाया नॅसडॅकवर आली तेव्हा भाव १० डॉलरच्या आसपास होता. २०१९ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये काही अमेरिकी पर्यटकांच्या मृत्यूच्या बातम्या गाजल्या आणि तिथलं बुकिंग घसरलं. मार्च २०२० मध्ये सगळी हॉटेलं बंद, भाव दोन डॉलरच्याही खाली. मग तगून राहण्यासाठी कर्ज काढलं आणि २०२१ च्या सुरुवातीला ५ डॉलरच्या आसपास नवे शेअर विकले, म्हणजे १० डॉलर मोजून बसलेल्या जुन्या भागधारकाचा वाटा पातळ झाला. शेवटी हयातने प्रत्येक शेअरला १३.५० डॉलर दिले. सव्वाआठ वर्षांत १० चे साडेतेरा. मध्ये डिव्हिडंड नाही. वर्षाला चार टक्क्यांहूनही कमी पडतात, तेही डॉलरमध्ये, आणि मधला तो दोन डॉलरचा महिना सोसून. हॉटेलं मात्र बहुतेक काळ छान भरलेली होती! भाऊ खोटं बोलत नाही, पण त्याला डेकवरून दिसतो तो किनारा. कर्ज दिसत नाही.

दुसरं उदाहरण बार्बाडोसचं. एलिगंट हॉटेल्स ही तिथली कंपनी मे २०१५ मध्ये लंडनच्या एआयएम या छोट्या कंपन्यांच्या बाजारात १०० पेन्सला आली. पाहुणे मुख्यतः ब्रिटिश. बार्बाडोसचा डॉलर १९७५ पासून अमेरिकी डॉलरला दोनास एक असा बांधलेला आहे. २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या कौलानंतर पाउंड पडला आणि तीच खोली त्याच ब्रिटिश पाहुण्याला महाग झाली. हॉटेलचा त्यात काय दोष? पण शेअर घसरत ७० पेन्सच्या आसपास आला. डिसेंबर २०१९ मध्ये मॅरियट या अमेरिकी हॉटेल कंपनीने ११० पेन्स देऊन कंपनी घेतली. थोडक्यात सुटले लोक. तीनच महिन्यांनी कोविड आला, तेव्हा ती कंपनी एकटी बाजारात असती तर काय झालं असतं याचा मला विचारच करवत नाही.

आता वादळांबद्दल. इथेच मला सगळ्यात जास्त मदत हवी आहे. १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा मोसम हे सगळ्यांना माहीत आहे. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा पाचव्या श्रेणीचं वादळ म्हणून जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर धडकलं, ताशी २९५ किलोमीटर वारा. भावाचं जहाज तेव्हा मार्ग बदलून दुसऱ्या बंदरांना गेलं. जहाज पळू शकतं, हॉटेल जागेवरच उभं असतं. हयातची जमैकातली रिसॉर्टं महिनोन्‌महिने बंद राहिली. हयातने प्लायाच्या इमारती तोर्तुगा नावाच्या कंपनीला सुमारे २०० कोटी डॉलरला विकायचं जून २०२५ मध्येच ठरवलं होतं आणि व्यवहार डिसेंबरअखेर पूर्ण झाला. बहुतेक हॉटेलं चालवण्याचे ५० वर्षांचे करार मात्र स्वतःकडे ठेवले. म्हणजे एवढी मोठी कंपनीसुद्धा भिंती आणि छप्पर दुसऱ्याला देऊन नाव आणि फी आपल्याकडे ठेवते. मग ते छप्पर मी का विकत घ्यावं, हा माझा सरळ प्रश्न आहे.

शेवाळाचंही सांगते, कारण ते भावाने स्वतः पाहिलंय. सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ २०११ पासून या किनाऱ्यांवर ढिगांनी येतंय. मेक्सिकोतल्या कोस्टा मायाला सकाळी ट्रॅक्टर लावून ते ओढतात, तरी दुपारपर्यंत पुन्हा पट्टा तयार, आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास. खोली समुद्राकडे तोंड करून असली तरी खिडकी उघडवत नाही. हा खर्च दर वर्षीचा आहे.

माझ्यासमोर उरलेले पर्याय असे: हयात, माद्रिदच्या बाजारातली मेलिया, जिची डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानामध्ये मोठी हॉटेलं आहेत, पण जी क्युबातही ३० हून अधिक हॉटेलं चालवते, आणि रिऊ हॉटेलांत भागीदारी असलेली जर्मनीची पर्यटन कंपनी टुई. यातलं काही घ्यावं का? विमा असताना वादळाचा फटका भागधारकापर्यंत नेमका किती पोचतो? आणि कराचं कसं? मी भारतात राहते.

प्रतिसाद १

ताई, मी टोरांटोत मालमत्ता विम्याच्या कामात आहे, म्हणून फक्त त्याच प्रश्नाला हात घालतो.

वादळाच्या विम्यात डिडक्टिबल, म्हणजे मालकाने आधी स्वतः सोसायचा हिस्सा, बहुधा नुकसानीवर मोजत नाहीत, विमा उतरवलेल्या एकूण किमतीवर टक्क्यांत मोजतात. समजा १०० कोटींची इमारत आणि ५ टक्के डिडक्टिबल. नुकसान ६ कोटींचं झालं तर ५ कोटी मालकाच्या खिशातून, विमा कंपनी देणार १ कोटी. लोक वाचतात "विमा आहे" आणि निर्धास्त होतात. अहवालात हा टक्का शोधा. धंदा बंद राहिल्याची भरपाई हे वेगळं कलम असतं, त्याला मुदत असते. बरं, हॉटेल धड असलं तरी विमानतळ बंद, कामगारांची घरं पडलेली, पाणी-वीज नाही, पाहुणा कसा येणार? ते नुकसान पॉलिसीत बसतं की नाही यावर वर्षानुवर्षं भांडणं चालतात.

पोर्तो रिकोतल्या सॅन हुआनचं कॅरिब हिल्टन हॉटेल घ्या. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने झोडपलं, उघडलं मे २०१९ मध्ये. मालक होती पार्क हॉटेल्स, तिची हवाई बेटांवर आणि अमेरिकेत इतरत्र मोठी हॉटेलं होती म्हणून तिने ते पचवलं. तेच एखाद्या दोन-तीन हॉटेलवाल्या कंपनीचं झालं असतं तर बँक दारात उभी राहिली असती. मेलिसानंतर जमैकाच्या आपत्ती रोख्याचे (मोठं वादळ आलं की सरकारला पैसे मिळवून देणारा रोखा) १५ कोटी डॉलर पूर्ण मिळाले अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तो पैसा सरकारचा, हॉटेलच्या भागधारकाचा त्याच्याशी संबंध नाही.

आणखी एक धोका तुमच्या यादीत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जमैकाबद्दलचा तिसऱ्या पातळीचा इशारा पुन्हा जारी केला, "प्रवासाचा फेरविचार करा". एक भिंतही पडली नाही, तरी प्लायाच्या जमैकातल्या बुकिंगला मार बसला. नेहमीच्या मालमत्ता विम्यात ते सहसा बसत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एका बेटावर, एकाच देशाच्या पाहुण्यांवर आणि कर्जावर उभी असलेली कंपनी किती का स्वस्त दिसेना, घेऊ नका. बांधकाम चालू असलेला प्रकल्प तर मुळीच नको. बहामातल्या नासाऊचं बाहा मार रिसॉर्ट ३५० कोटी डॉलरचं, उघडायच्या तोंडावर जून २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि मूळ विकासकाच्या हातून गेलं.

प्रतिसाद २

कराचं मी सांगते. एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापते, तुमची रक्कम त्याच्या आत आहे. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवलात तर नफ्यावर १२.५ टक्के आणि वर अधिभार-उपकर, आधी विकलात तर तुमच्या स्लॅबने. अमेरिकी कंपनीच्या डिव्हिडंडवर तिकडे २५ टक्के कापले जातात, त्याचं श्रेय इथे मिळतं. विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरायला विसरू नका, शेअर एकच असला तरी. हा तक्ता आर्थिक वर्षाचा नसून कॅलेंडर वर्षाचा असतो, तिथे बरेच जण गोंधळतात. आणि पैसे तुमच्या नावावर जाणार की भावाच्या, ते आधी ठरवा. तो जहाजावर असल्याने अनिवासी असेल तर त्याचे नियम वेगळे, दोघांचे पैसे एका खात्यात मिसळू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. टक्का एकूण किमतीवर मोजतात हे मला अजिबात ठाऊक नव्हतं, आणि त्याने माझं गणितच बदललं.

रात्री भावाशी बोलले. त्याला वाईट वाटलं, पण पटलं. हयात घेतली तर आम्ही कॅरिबियन घेत नाही, जगभरातल्या हॉटेलांची फी घेतो. टुईत विमानं आणि युरोपातल्या सहलीही आल्या. ठीक आहे, ते समजून घेऊ. आठ लाखांपैकी सहा परत ठेवीत टाकतेय. उरलेल्या दोनांसाठी मेलियाचा वार्षिक अहवाल उघडून बसलेय. त्यात स्वतःच्या मालकीची, भाड्याची आणि नुसती चालवायला घेतलेली हॉटेलं वेगवेगळी दाखवलेली आहेत. पुंता कानाच्या इमारतींचं मूल्य किती धरलंय आणि क्युबातून फी प्रत्यक्षात वसूल किती होते, हे कुणी आधी खोदून पाहिलं असेल तर कृपया इथेच लिहा. तोपर्यंत मी काहीही घेत नाही.