मदत हवी आहे : कुत्र्यासह समुद्रकिनारी मुक्काम आणि गळाने मासेमारी (बोर्डी, डहाणू, केळवे परिसर)

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघे मित्र नाशिकचे असून गोदावरी आणि दारणेच्या काठी गळ टाकून बसण्यात आमच्या अनेक रविवारच्या सकाळी गेलेल्या आहेत. चिलापी, क्वचित एखादी मरळ, एवढीच आमची मजल. रात्रीतून पाणी वाढते ते वरच्या धरणातून विसर्ग सोडल्यावर, आणि त्याची सूचना आधी मिळते, असा नदीकाठचा हिशेब आम्हाला ठाऊक होता. समुद्राचा हिशेब वेगळा असतो हे गेल्या डिसेंबरात, दत्तजयंतीनंतरच्या शनिवारी, बोर्डीला कळले.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या रस्त्याने आम्ही दुपारी चारच्या सुमारास पोहोचलो. सोबत भुऱ्या हा आमचा सहा वर्षांचा गावठी कुत्रा होता. ओहोटी लागलेली होती आणि तिथला किनारा इतका सपाट आहे की पाणी पाहता पाहता फार दूर गेले. दुपारची भरती जिथवर आली होती तिथवर वाळू ओली दिसत होती. त्या कडेपासून पंधरा-वीस मोठी पावले वर आम्ही तंबू ठोकला आणि भरपूर जागा सोडल्याच्या समाधानात झोपलो. रात्री दीडच्या सुमारास भुऱ्याच्या कण्हण्याने जाग आली. तो कान पाडून तंबूच्या दारात उभा होता, त्याचे चारही पाय पाण्यात होते आणि माझी एक चप्पल तंबूच्या आतच तरंगत होती. बिछाने उचलून सुरूच्या झाडांकडे पळालो, नुकसान फारसे झाले नाही. पण गाडी तिथे लावली असती तर काय झाले असते याचा विचार परतीच्या वाटेवर कोणी बोलून दाखवला नाही.

घरी आल्यावर मुंबईचे भरतीचे वेळापत्रक पाहिले, तेव्हा चूक ध्यानात आली. त्या दिवसांत दुपारची भरती सव्वाचार मीटरच्या आत होती आणि मध्यरात्रीनंतरची पाच मीटरच्या आसपास. पावसाळ्यात दुपारची मोठी आणि हिवाळ्यात रात्रीची मोठी, असा हा प्रकार असल्याचे दिसते. शिवाय मुंबईहून उत्तरेला, खंबातच्या आखाताकडे जावे तसतसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, आणि सपाट किनाऱ्यावर पाऊण मीटर उंची म्हणजे आडवे तीस-चाळीस मीटर सहज होतात. पौर्णिमेच्या उधाणात, दुपारच्या खुणेवर भरवसा ठेवून झोपणे हा शुद्ध अडाणीपणा होता, हे मान्य आहे.

म्हणून या वेळी अष्टमी-नवमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवसांत, जावे असा बेत आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, या जुन्या हिशेबाप्रमाणे अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी अशी दोन्ही सोयीच्या वेळी येते, आणि पाणीही फार चढत नाही. अडचण पुढे आहे. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की भांगात पाण्याला ओढ नसल्यामुळे किनाऱ्यावरून गळाला मासा लागत नाही आणि तसे असेल तर कोरडे झोपण्यासाठी एवढा प्रवास करण्यात अर्थ नाही. हे कितपत खरे आहे? बोर्डीसारख्या सपाट जागी भांगाची भरती गळाच्या टप्प्यात येईल का, की डहाणूच्या खाडीच्या मुखाशी बसावे, की सरळ केळव्याकडे जावे? आमच्याकडे दोन साधे रॉड आणि नदीसाठीची हलकी शिशे आहेत. लाटेत ती टिकणार नाहीत असा माझा अंदाज आहे, तेव्हा किती वजनाची घ्यावीत हेही कृपया सांगावे. आमिष म्हणून ताजी कोळंबी तिथल्याच बाजारातून घेऊ.

आता भुऱ्याविषयी, कारण खरी काळजी त्याचीच आहे. मागच्या वेळी कोळंबी लावलेला गळ आम्ही रॉडसकट तंबूला टेकवून ठेवला आणि त्याने तो तोंडात घेतला. गळ वरच्या ओठातून आरपार गेला होता. एकाने दोरी ओढायला हात घातला, त्याला दुसऱ्याने वेळीच थांबवले. मग भुऱ्याचे तोंड धरून गळाचे उलटे टोक पक्कडीने तोडले आणि उरलेला भाग मागे काढून घेतला. गळ गिळला असता तर पशुवैद्याशिवाय इलाज नव्हता. तेव्हापासून उघडा गळ डब्यात, हा आमचा नियम झाला आहे. खारे पाणीही तो मनसोक्त प्यायला होता, त्याचे परिणाम तोरंगण घाटात गाडीच्या मागच्या सीटवर दिसले (सीटकव्हर बदलावे लागले). या वेळी गोड पाण्याचे दोन मोठे कॅन नेणार आहोत आणि त्याला दर तासाला पाणी दाखवणार आहोत.

किनाऱ्यावर वाहून आलेला केंड मासा विषारी असतो व कुत्र्याने खाल्ला तर जिवावर बेतू शकते, शिंगाळ्याचा काटा आणि उथळ पाण्यातल्या पाकटाची नांगी यांपासून माणसालाही धोका असतो, एवढे वाचून माहीत आहे. पण लांब दोरीने बांधून ठेवलेला कुत्रा रात्रभर भुंकतो आणि मोकळा सोडला तर किनाऱ्यावरच्या कुत्र्यांशी भांडतो, त्यावर ज्यांनी प्रत्यक्ष काही तोडगा काढला असेल त्यांनी तो जरूर लिहावा. रेबीजची आणि इतर लशी वेळेवर झालेल्या आहेत.

मुक्कामासाठी ग्रामपंचायतीकडे विचारावे की पोलीस ठाण्यात कळवावे, हेही सांगावे. सुरूच्या बनात चूल पेटवणार नाही, खाली वाळलेल्या सुयांचा थर असतो. स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवरच होईल. कोळी बांधवांची जाळी किंवा होड्या जिथे असतील तिथून दूर बसू.

येत्या वद्य अष्टमीच्या शनिवार-रविवारी निघण्याचा विचार आहे. तोवर बोर्डी किंवा केळव्याच्या बाजूचे कोणी वाचत असल्यास, नवमीच्या भरतीला पाणी सुरूच्या झाडांपासून अंदाजे किती पावलांवर थांबते, एवढे पाहून कळवले तरी आमच्या तंबूची जागा ठरेल.