मदत हवी आहे: बी-१२ कमी, होमोसिस्टीन जास्त, आणि 'जनुक चाचणी' करून घ्या म्हणतायत

माणदेशी_मुंगी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचायला येते. या वेळी मात्र डोकं चालेनासं झालंय.

वय २९, लग्नाला तीन वर्षं झाली, आता बाळाचा विचार आहे. म्हणून आधीच रक्त तपासून घेतलं. बी-१२ आलं १४८, होमोसिस्टीन ३१, हिमोग्लोबिन ११.९ आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८. वजन ५२ किलो, उंची पाच फूट एक. सगळे मला काडी म्हणतात, पण टेपने मोजली तर कंबर ८४ सेंटिमीटर भरते. महिन्याभरापासून रात्री तळपायांना मुंग्या येतात. फॉलिक अॅसिडची गोळी दोन महिन्यांपूर्वीच सुरू केली आहे, ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून.

रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी लॅबमधून एका बाईंचा फोन. म्हणाल्या, "तुमचं एमटीएचएफआर जनुक, म्हणजे फॉलिक अॅसिड वापरात आणणारं, बिघडलेलं असणार. २२ हजारांत पूर्ण पॅनेल करू, मग तुमच्या जनुकांप्रमाणे आहार ठरवून देऊ." नवरा म्हणतो करून टाक, पैशाचं नंतर बघू.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. आमचं गाव माण तालुक्यात. आईचा जन्म मे १९७३चा, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात आजी पोटुशी होती. त्या दिवसांत ती तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. खायला मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. पुढे आईला ३९व्या वर्षी साखर निघाली. माझ्या वेळी तर आईने मुद्दामच कमी खाल्लं, कारण 'पोटभर खाल्लं की बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं'. मी जन्मले २ किलो १०० ग्रॅमची. परवा कोणीतरी तिला एक व्हिडिओ पाठवला की आईने पोटुशी असताना उपास काढले तर मुलांची जनुकं कायमची बिघडतात. तेव्हापासून ती रडतेय. "तुझ्या पोरालाही माझंच भोगावं लागणार," म्हणते.

तर हे खरं आहे का? २२ हजार घालू का? आणि घर माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही, मग बी-१२ आणायचं कुठून?

खडूस_आजोबा

२२ हजारांची एक दुभती शेळी घे. बी-१२ पण मिळेल आणि दारात सोबतही होईल.

प्रथिनभट

आजोबांचं मनावर घेऊ नकोस, अर्थात शेळीच्या दुधात बी-१२ तसं कमीच असतं. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधाची मात्रा सांगणार नाही, बाकीचं सांगतो.

पहिलं, मुंग्या. बी-१२ १४८ आणि सोबत मुंग्या, यात धाग्यावर उत्तरांची वाट बघत बसू नकोस. याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. नुसत्या फॉलिक अॅसिडने रक्तातला पांडुरोग झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. म्हणून गोळी बंद करायची असं मात्र नाही! बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. ती नीट मिटायला फॉलिक अॅसिड लागतंच. प्रश्न इतकाच की सोबत बी-१२ हवं.

आता होमोसिस्टीन का वाढतं ते. डेअरीचे कॅन डोळ्यासमोर आण. पेशीत मिथाइल नावाचा एक छोटा रासायनिक गट घरोघर पोचवावा लागतो, डीएनएवरसुद्धा. पोचवून रिकामा झालेला कॅन म्हणजे होमोसिस्टीन. तो पुन्हा भरायला फोलेट (फॉलिक अॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) मिथाइल घेऊन येतं, पण ओतणारा हात बी-१२चा. हात नसेल तर दूध टाकीत अडकतं आणि रिकामे कॅन दारात साचतात. तुझे ३१ कॅन साचलेत, बऱ्याच लॅब १५ ही वरची मर्यादा धरतात.

हे मिथाइल डीएनएवर बसलं की त्या भागातलं जनुक बहुतेक वेळा गप्प होतं. जनुकाची अक्षरं बदलत नाहीत. वाचनालयातलं पुस्तक फाटलेलं नसतं, कपाटाला बाहेरून कडी लागलेली असते. व्हिडिओवाल्याने 'जनुकं बिघडतात' म्हटलं तिथेच तो घसरला.

आहाराने ही कडी हलते याचं गाजलेलं उदाहरण उंदरांचं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉटरलँड आणि जर्टल यांनी २००३ साली ते दाखवलं. पिवळ्या, लठ्ठ होणाऱ्या जातीच्या नरांशी जुळवलेल्या माद्यांना गाभणपणी फॉलिक अॅसिड, बी-१२, कोलीन आणि बीटेन ही मिथाइल पुरवायला मदत करणारी द्रव्यं जास्त दिली, तर पिल्लं तपकिरी निघण्याचं प्रमाण वाढलं. जनुक तेच, रंग वेगळा. मात्र त्या उंदरांच्या त्या जनुकाशेजारी डीएनएचा एक आगंतुक तुकडा बसलेला आहे, म्हणून ते इतकं ठळक दिसतं. माणसाला ते जसंच्या तसं लावायला जाऊ नये.

जास्वंद

मुंगीला मुंग्या, हसू आलं त्याबद्दल माफ कर गं. 😀

मी आहारतज्ज्ञ आहे. एमटीएचएफआरची फोनाफोनी माझ्या निम्म्या पेशंटना झालेली असते. त्या जनुकाचे वेगवेगळे प्रकार धडधाकट माणसांत सर्रास सापडतात. अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्राच्या संस्थेने २०१३ सालीच सांगितलंय की वारंवार गर्भपात झाला म्हणून किंवा रक्ताच्या गाठींच्या शंकेने ही चाचणी मागवू नका. आणि समज पॅनेल केलं, जनुक 'वेगळं' निघालं, तरी पुढे काय करणार? बी-१२ आणि फोलेट भरून काढणार. ते आजच कर ना, फुकटात!

माळकरी घरात बी-१२ फक्त दूधदुभत्यातून. १०० मिलिलिटर दुधात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम, आणि रोजची गरज दोन-अडीचची. म्हणजे दोन मोठे पेले दूध आणि वाटीभर दही. चहातलं दूध धरायचं नाही, ते दोन घोट. पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, बीट हे फोलेटसाठी उत्तम, पण त्यांत बी-१२ नाही. स्पिरुलिनाच्या नादी लागू नकोस. त्यात बी-१२सारखा दिसणारा पदार्थ असतो, पण तो आपल्या शरीराच्या उपयोगाचा नाही. आणि १४८वरून नुसत्या दुधाने वर यायला फार वेळ जाईल. आधी औषध, मग दूध. गोळीतलं बी-१२ जिवाणूंकडून बनवून घेतलेलं असतं, तेव्हा माळेला बाध नाही.

अजून एक. आईला ३९व्या वर्षीच साखर निघाली म्हणतेस. मेटफॉर्मिन घेतात का? बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं. त्यांचंही तपास.

डच_काकू

मी गेली २२ वर्षं हॉलंडमध्ये आहे, म्हणून आईच्या दुष्काळाबद्दल लिहिते.

इथे नोव्हेंबर १९४४ ते मे १९४५ जर्मनांनी अन्न अडवलं होतं. शहरांत माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरीच्या खाली गेलं, नंतर त्याहूनही खाली. लोकांनी ट्युलिपचे कंद खाल्ले. माझ्या शेजारच्या आजी तेव्हा चार वर्षांच्या होत्या, अजून ताटात बटाट्याची साल ठेवत नाहीत. त्या हिवाळ्यात पोटात असलेल्या मुलांचा माग इथल्या संशोधकांनी म्हातारपणापर्यंत काढला. त्यांच्यात साखरेचे त्रास जास्त दिसले. २००८ साली अशा ६० जणांचं रक्त त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी ताडून पाहिलं, कारण घर तेच, फक्त उपासमार वेगळी. गर्भ राहिला त्या सुमारास उपासमार झालेल्यांत आयजीएफ-२ नावाच्या जनुकावर मिथाइल कमी होतं. साठ वर्षांनंतरही! पण फरक लहान होता, हे व्हिडिओत सांगत नाहीत.

आईला माझा निरोप दे. इथे त्या बायकांना कोणी दोष देत नाही. अन्न अडवणाऱ्यांचं नाव घेतात.

चिंचगूळ

हॉलंडला कशाला जाता, पुण्यातच बघा की. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं अभ्यासली. आमच्या नात्यातली एक काकू त्यात होती, पोराला दर काही वर्षांनी गाडी न्यायला यायची. पोरगं शाळा बुडते म्हणून खूश.

त्या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीनची. पण वजन इतकं कमी असूनही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून लठ्ठ. ताई, तुमची कंबर वाचून तेच आठवलं. याज्ञिकांनी २००४ साली आपला आणि युडकिन नावाच्या इंग्रज सहकाऱ्याचा जोडफोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी इंग्रजाची ९ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.

आणि तुमच्या गोळीशी थेट संबंध असलेलं: २००८च्या त्यांच्या निबंधात दोन-तृतीयांश आयांचं बी-१२ कमी होतं, फोलेट मात्र जवळजवळ कोणाचंच कमी नव्हतं. ज्यांचं फोलेट चढं आणि बी-१२ उतरलेलं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त.

माणदेशी_मुंगी

अरे देवा, म्हणजे मी दोन महिने नेमकं तेच करत होते! सगळ्यांचे आभार. चाचणीला नाही सांगितलं, त्या बाईंनी लगेच ११ हजारांत देऊ केली. उद्या सकाळी डॉक्टर.

प्रथिनभट, एक शंका राहिली. आजीचा दुष्काळ माझ्यापर्यंत येतो का? आई विचारतेय.

प्रथिनभट

हिशोब गमतीचा आहे. मुलगी पोटात असतानाच तिच्या अंडाशयात आयुष्यभराची बीजं तयार होतात. म्हणजे तू ज्या बीजापासून झालीस ते आजी खडी फोडत होती तेव्हा तिच्याच पोटात, आईच्या आत होतं. यावरून लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. पण बीज तयार होताना आणि पुन्हा गर्भ रुजताना डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणा बहुतांश पुसल्या जातात आणि नव्याने लिहिल्या जातात. काही थोड्या सुटतात. माणसात तिसऱ्या पिढीपर्यंत खूण जाते असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. शिवाय डच आकडे काय किंवा पुण्याचे काय, गटाचे आहेत. एका बाईच्या एका पोराचं त्यावरून काही सांगता येत नाही. तुझ्या ५.८ मध्ये दुष्काळ किती, बैठी नोकरी किती आणि साबुदाण्याची खिचडी किती, हे कोणी वेगळं काढून दाखवू शकणार नाही.

नवऱ्याचंही बी-१२ बघ. याच पुण्याच्या गटाने पुढे, ती मुलं किशोरवयात आल्यावर, त्यांना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं. मुलींना आणि मुलग्यांनाही, आईबाप होण्याच्या कितीतरी आधी.

माणदेशी_मुंगी

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय. डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली, आता गोळी. फॉलिक अॅसिड चालू ठेवलंय. होमोसिस्टीन १३, बी-१२ ४१०. मुंग्या गेल्या (नाव तेच ठेवते). एचबीएवनसी तीन महिने भरल्यावर करू म्हणाले. संध्याकाळी जेवणानंतर अर्धा तास चालते.

नवऱ्याचं १९० निघालं, तोही आता मुकाट्याने दूध पितो. आणि जास्वंदताई, आई ११ वर्षं मेटफॉर्मिनवर आहे. तिचं १३२ आलं. तिला महिन्याभरापासून इंजेक्शनं चालू आहेत. काल म्हणाली, जिना चढताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटायचं ते कमी झालंय. आम्हाला कधी बोललीच नव्हती. हे पूर्ण भरून यायला किती दिवस लागतात, कोणाला अनुभव?