एजंटगिरी आणि स्वतःची खरेदी एकाच वर्षी? मी भाच्याला नको म्हणालो

गिरणाकाठ (जळगाव)
भाचा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात हिशेब लिहायचा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आला तो नोकरी सोडूनच. म्हणे, मामा, आता प्लॉटची लाइन धरतो. दलालीही करतो आणि जमवलेल्या चार लाखांतून यंदाच एखादा प्लॉट इसार (बयाणा) देऊन अडकवतो. भाव चढला की साठेखतावरच, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारावरच, पुढे काढून देतो.

मी म्हणालो, दोन वर्षं नुसती दलाली कर. स्वतःचा रुपया लावायचा नाही.

कारण सांगतो. 18 लाखांचा प्लॉट धरा. दोन्ही बाजूंनी एक-एक टक्का मिळाला तर 36 हजार होतात, तेही कागदावर. आपल्याकडे एका सौद्याला चार जण लटकलेले असतात. एकाने गिऱ्हाईक आणलं, एकाने मालक आणला, एक मालकाचा साडू आणि चौथा फक्त चहाला हजर होता. नवख्याच्या हातात 8-9 हजार पडले तरी नशीब. सौदेही बाराही महिने नसतात. कपाशीचा, केळीचा पैसा हातात आला की बाजार हलतो, पितृपक्षात कुणी फोनसुद्धा उचलत नाही. चार लाख इसारात अडकले तर गाडीत पेट्रोल कशाने टाकणार?

दुसरं, स्वतःचा माल पडून असला की जीभ फिरते. गिऱ्हाईकाला महाबळमध्ये घर बांधायचं असतं आणि हा त्याला निमखेडी शिवारातला आपला प्लॉट दाखवत बसतो. एकदा असं झालं की नाव गेलं.

देवपूरकर (धुळे)
गिरणाकाठ भाऊ, साफ चूक. स्वतःचा पैसा अडकल्याशिवाय सातबारा वाचता येत नाही.

2016 साली मी नकाणे रोडकडे एक प्लॉट घेतला. कागद वकिलाला दाखवले, तेही वरवर. नंतर कळलं, मूळ जमिनीच्या वारस फेरफारात (वारसांची नावं चढवल्याच्या नोंदीत) दोन बहिणींची नावं होती आणि ले-आउट पाडताना एकीची सही घेतलीच नव्हती. ती बाई सुरतला. आमच्याकडे अर्धं गाव सुरतला, त्यात नवल नाही. तिची सही मिळायला दीड वर्ष गेलं, तीन चकरा मारल्या आणि तिने हिस्सा सोडावा म्हणून हक्कसोडाचे वर पैसे मोजले ते वेगळेच.

तेव्हापासून विकणारा समोर बसला की भाव विचारण्याआधी मी विचारतो, बहिणी किती? गिऱ्हाईक हसतं, पण सोडून जात नाही. दोन वर्षं नुसती दलाली करून हे शिकलो असतो का?

गिरणाकाठ
देवपूरकर दादा, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. तेव्हा तुमचा पगार चालू होता ना? दीड वर्ष थांबायची ताकद पगाराने दिली. भाच्याने तर राजीनामा आधीच देऊन टाकलाय.

केळीचा घड (रावेर)
दोघं भांडताय ते ठीक, पण मुलाचं खरं दुखणं ‘साठेखतावर पुढे काढतो’ हे आहे. त्यावर कुणी बोललंच नाही.

इसार पावतीत मुदत असते. सहा महिन्यांत पुढचं गिऱ्हाईक नाही सापडलं तर एकतर पूर्ण पैसे उभे करा, नाहीतर इसारावर पाणी सोडा. आमच्याकडे व्यापारी केळीचा सौदा बागेत उभा राहून करतो, भाव पडला की कापायलाच येत नाही. हाही तसलाच सौदा, फक्त इथे बुडणारा तुमचा भाचा.

समजा खरेदी केलीच. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण 6 टक्के, नोंदणीचा 1 टक्का, तो 30 हजारांवर जात नाही. 18 लाखांवर सव्वा लाख तिथेच गेले. म्हणजे भाव 7 टक्के चढेपर्यंत तुम्ही फक्त बरोबरीत. वर्षाला दोन-तीन प्लॉट फिरवायला लागलात तर आयकरवाले त्याला भांडवली नफा मानतील असं समजू नका, धंद्याचं उत्पन्न म्हणतील. पैसा काय झाडले लागस का रे भो?

देवपूरकर
घडभाऊ, बरोबरीत सांगताय, पण चढ बघा ना. मनमाड–इंदूर रेल्वेला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. 309 किलोमीटर, 18,036 कोटी. धुळ्यावरून, नरडाण्यावरून जाणार. आत्ता नाही घेतलं तर कधी?

केळीचा घड
या रेल्वेच्या बातमीवर माझ्या मोठ्या आबांनी जमीन घेतली होती. आबा गेले. जमीन आहे, हरभरा बरा येतो.
रूळ पडेल हो, या वेळी पडेल असं मलाही वाटतं. पण चार लाखवाल्याने त्याची वाट बघायची नसते. ज्याच्या घरी दहा बिघे बागायत आहे त्याने बघावी.

फक्त वाचणारा
एजंटला परवाना, परीक्षा लागते म्हणतात, ते सगळं पुण्या-मुंबईचं. आमच्या तालुक्यात कोण विचारतं? डायरी आणि फोन असला की झाला एजंट.

रिंगरोडवाली ताई (जळगाव)
मी विचारते. अकरा वर्षं या धंद्यात आहे.

बिल्डरच्या महारेरा (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकायचा तर एजंटची नोंदणी लागतेच. एकट्या माणसाला फी 10,000, मुदत 5 वर्षं, आणि त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. नोंदणी नसताना सौदे केले तर दंड दिवसाला 10 हजार, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. जुन्या प्लॉटची फेरविक्री किंवा शेतजमीन यात ही अट येत नाही, म्हणून तालुक्याला वाटतं की कायदाच नाही.

आता भाच्याबद्दल. मला तुम्हा दोघांचंही म्हणणं अर्धवट वाटतं. त्याने सुरुवात भाड्याच्या खोल्यांपासून करावी. बांभोरीकडे कॉलेज, विद्यापीठ, जूनपासून पोरांची रीघ. एका खोलीमागे थोडेच मिळतात, पण रोख मिळतात आणि चौघं वाटेकरी नसतात. शिवाय आज खोली बघायला आलेल्या पोराचा बाप तीन वर्षांनी प्लॉट विचारतो. माझी निम्मी गिऱ्हाइकं अशीच आली आहेत.

आणि खरेदी करू नकोस असं मी म्हणणार नाही. करावी, पण स्वतःचा प्लॉट स्वतःच्या गिऱ्हाईकाला विकायचा नाही. विकायचाच असेल तर पहिल्याच भेटीत सांगायचं की हा माझा आहे, दलाली घेणार नाही. जीभ फिरते म्हणता ना, ती आधीच बांधून टाकायची.

गिरणाकाठ
ताई, खोल्यांचं डोक्यात नव्हतं आलं. पण ‘माझा आहे’ असं पहिल्या भेटीत सांगणारा एजंट मी अजून पाहिला नाही.

रिंगरोडवाली ताई
या एकदा दुकानावर. चहा पाजते.

सातपुडा पायथा (शहादा)
एक राहिलं. नवीन पोरं स्वस्त जमिनीच्या मागे आमच्याकडे येतात, ‘एकरी निम्मा भाव’ ऐकून. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, महसूल अधिनियमाचं कलम 36-अ. मुखत्यारपत्रावर, साध्या स्टॅम्पपेपरवर जे लिहून देतात त्याला काही अर्थ नाही, आणि कुणाची तरी जमीन जाते ते वेगळं. स्वतः शेतकरी नसाल तर शेतजमीनही कलेक्टरच्या परवानगीशिवाय नाही. आणि ‘दोन-दोन गुंठ्यांचं फार्म हाऊस’ शेतीच्या पट्ट्यात दाखवत असतील तर प्रमाणभूत क्षेत्र विचारा, म्हणजे शेतजमिनीचा कमीत कमी केवढा तुकडा विकता येतो ते. 2023 पासून जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10. त्या सौद्याची दलाली गोड लागते, पण गिऱ्हाईक पुढची वीस वर्षं तुमच्या दारात.

देवपूरकर
हे शंभर टक्के मान्य. इथे भांडत नाही. पण रेल्वेचं माझं मत कायम.

गिरणाकाठ
रात्री बहिणीला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ती गप्प. मग म्हणाली, त्या चार लाखांत दीड लाख माझ्या पाटल्या मोडून आलेले आहेत. भाच्याने मला हे सांगितलंच नव्हतं. आता ती म्हणते, प्लॉट घ्यायचा तर माझ्या नावावर, नाहीतर पाटल्या परत.

देवपूरकर
मग घ्याच! बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट.

रिंगरोडवाली ताई
दादा, ती सूट राहत्या घराला, फ्लॅटला. मोकळ्या प्लॉटला नाही. 2016 ची सवय अजून गेली नाही तुमची.