जर्मनीची मुलं येतायत, खेळ कोणता ठेवू?

मांजलपूरची_आई: मुलीच्या शाळेत एक्स्चेंजला जर्मनीची मुलं येतायत, आमच्या नववीच्या पोरांनीच त्यांना आपला एखादा खेळ शिकवायचाय, मोठ्यांनी मधे पडायचं नाही म्हणे. मलखांब ठेवू का?

जुना_खोखोवाला: ताई मलखांब बघायला ठेवा, एरंडेल चोपडलेल्या खांबावर नवखा पोरगा पहिल्याच दिवशी काय चढणार. खो-खोच घ्या, सामान काही नाही, आठ जण एकाआड एक उलट तोंडं करून बसतात नि नववा धावतो, पण धावणाऱ्याला दिशा बदलता येत नाही आणि दोन बसलेल्यांच्या मधून घुसता येत नाही, इथेच पाहुणे गडबडणार 😀 तेव्हा मिश्र टीम करा, कॅप्टन त्यांचा, समजावणारा आपला. 2025 च्या वर्ल्ड कपचे व्हिडिओ दाखवा, पुरुषांचा नि महिलांचा, दोन्ही कप आपल्याकडेच आलेत.

दांडियाबाजार: +1. बडोद्यात फिरवायला लक्ष्मी विलास पॅलेसला सगळेच नेतात, कीर्ती मंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक, मात्र चुकवू नका, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत तिथे. आणि शेव-उसळीची तर्री वेगळी ठेवा हो!

मांजलपूरची_आई: खो-खो पक्कं. मुलीला सांगितलं तर म्हणते, आई तू लांबच बस.